आवाज हवा, पण नेमक्या जागी

ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात गाणाऱ्याचा आवाज आला की त्याचं पॉप होतं, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. डीजे टिएस्टोने २००० साली केलेला 'सायलेन्स' या गाण्याचा रीमिक्स घ्या. गायिका साराह मॅक्लॅकलनचा आवाज काढून टाकला तर त्यात जीव राहील का? ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे मधल्या शांत भागात, किक (ड्रमचा ठोका) थांबते, खालचा बेस निघून जातो आणि त्या मोकळ्या जागेत एकच ओळ रेंगाळते, तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो. खटकतं ते कडवं-धृपद-कडवं असं पूर्ण गाणं कोंबणं. मग धून हळूहळू चढायला वावच उरत नाही. आणि हो, एनर्जी ५२ च्या 'काफे देल मार' या ट्रान्स ट्रॅकला (१९९३) शब्दांची गरज कधीच भासली नाही, हेही तितकंच खरं.