अनुभव धागा : अमेरिकेतला कायदा आणि आपण धरून बसलेले समज

अमेरिकेत येऊन मला सोळा वर्षे झाली. तरीही दोन वर्षांपूर्वी मागच्या डेकवर कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी बांधली आणि आठवड्याभरात वसाहतीच्या संघटनेची, म्हणजे एचओएची, दंडाची नोटीस आली, तेव्हा ‘स्वतःच्या घरात दोरी बांधण्याचा घटनादत्त हक्क मला आहे’ असेच मी तावातावाने म्हणालो होतो. वकिली करणाऱ्या शेजाऱ्याने शांतपणे विचारले की, तो हक्क नेमका कोणाविरुद्ध? अमेरिकेची घटना सरकारचे हात बांधते. घर घेताना मी स्वतः सही केलेल्या नियमावलीच्या आड ती सहसा येत नाही. आमच्याच मर्सर काउंटीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीच्या रहिवाशांनी अंगणात लावायच्या पाट्यांवरून असाच वाद न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता आणि २००७ साली निकाल संघटनेच्या बाजूने लागला. दोरी मी उतरवली. कपडे आता तळघरात वाळतात.

त्यावरून हा धागा काढत आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने इथल्या कायद्याविषयी, सरकारविषयी किंवा हक्कांविषयी काहीतरी चुकीचे धरून ठेवलेले असणारच. तो समज कुठून आला आणि कसा उतरला, ते लिहावे. कृपया ऐकीव किस्से नकोत, स्वतःवर बेतलेले हवेत. आणि कोणीही याला कायदेशीर सल्ला समजू नये.

ग्रीन कार्डधारक, मिडवेस्ट

ग्रीन कार्ड हाती आल्यानंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण करायला गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी ‘मतदार म्हणून नाव नोंदवायचे आहे का?’ असे विचारले आणि मी आनंदाने ‘हो’ म्हणालो. सरकारी कर्मचारी स्वतःहून विचारत आहे म्हणजे आपण पात्र असणारच, हा माझा समज पुरता देशी होता. आपल्याकडे सरकारी खिडकीवरची व्यक्ती नको तितके अडवते. नको ते देऊ करते असा अनुभव कोणाला असतो? सहीसाठी पडदा माझ्याकडे वळवला गेला, तेव्हा रेघेच्या वर ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ हे वाक्य दिसले आणि प्लास्टिकची लेखणी हातातच राहिली. मी नागरिक नसल्याचे सांगताच बाईंनी ‘बरं’ म्हणून एक कळ दाबली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढे वकिलांकडून कळले की, १९९३ च्या कायद्यानुसार परवाना कार्यालयांना मतदार नोंदणीची सोय द्यावीच लागते, आणि समोरचा माणूस पात्र आहे की नाही हे त्या प्रश्नातून ठरत नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा मात्र, पुढे एकदाही मतदान केले नाही तरी, देशाबाहेर काढले जाण्याचे कारण ठरू शकतो. नागरिकत्वाच्या अर्जातही कधी मतदार म्हणून नाव नोंदवले होते का, हे विचारलेले असते. तिथे ‘नाही’ लिहिताना मला ती लेखणी आठवली.

नाशिककर, सध्या टेक्सास

मला वेग मर्यादा ओलांडल्याबद्दल थांबवले, तेव्हा मी नाशिकच्या सवयीने कागदपत्रे घेऊन गाडीतून उतरलो आणि पोलिसाच्या गाडीकडे चालू लागलो. आपल्याकडे साहेब उन्हात उभे असताना गाडीत बसून राहणे उद्धटपणाचे वाटते. इथे तीच गोष्ट धमकीसारखी दिसते. भोंग्यातून ओरडून त्यांनी मला परत बसवले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला लावले. माझे हात किती थरथरत होते हे मला तेव्हा दिसले.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पोलिसाने ‘गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे वाक्य म्हटले नाही, सबब चलन रद्द व्हावे, असा मुद्दा मी कोर्टात मांडला. चित्रपटांनी शिकवलेला कायदा! न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे सौजन्य. अॅरिझोनातील मिरांडा खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली ती सूचना पोलिसांनी ताब्यात घेऊन चौकशी करण्यापूर्वी द्यायची असते. ती दिली नाही तर त्या चौकशीतील जबाब सहसा पुरावा म्हणून वापरता येत नाही, अटक किंवा आरोप आपोआप रद्द होत नाही. रस्त्यावर थोडा वेळ थांबवणे हे साधारणपणे ताब्यात घेणे नव्हे, असे त्याच न्यायालयाने १९८४ साली सांगितले आहे. दंड पूर्ण भरला.

निवृत्त तहसीलदार, सातारा (२०२० मध्ये मुलाकडे कॅलिफोर्नियात)

करोनाच्या काळात परतीचे विमान रद्द झाल्याने मी आणि सौभाग्यवती मुलाकडे अडकलो होतो. १९ मार्चला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी लोकांना घरी थांबण्याचा आदेश काढला, आणि शेजारच्या राज्यांत त्यानंतरही कित्येक दिवस व्यवहार सुरू होते. भारतात मात्र २५ मार्चपासून एका आदेशाने सारा देश बंद झाला. मी मुलाला रोज विचारत असे की, अरे, यांचे अध्यक्ष काय करत आहेत, ऐकत नसतील त्या राज्यांत राजवट का लावत नाहीत? आयुष्यभर वरून आलेले परिपत्रक खाली पाठवलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! कलम ३५६ सारखी तरतूदच इथे नाही, राज्याचे आरोग्य आणि पोलीस हे मुळात राज्याचेच अधिकार आहेत आणि अध्यक्षांनी गव्हर्नरला बडतर्फ करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे सुनेने तीन वेळा समजावले.

माझ्या गोंधळाचे एक कारण भाषांतरही आहे. मराठी वर्तमानपत्रे गव्हर्नरला ‘राज्यपाल’ म्हणतात आणि आपल्या डोळ्यांपुढे राजभवनातील, केंद्राने नेमलेली व्यक्ती उभी राहते. इथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो. कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

धागाकर्ता : काका, शेरीफचेही तसेच आहे. मुंबईचा शेरीफ म्हणजे समारंभात मान मिळणारे मानाचे पद. इथल्या बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ निवडून येतो, त्याच्या कमरेला पिस्तूल असते आणि बहुतेक ठिकाणी तुरुंगही त्याच्याच ताब्यात असतो. नव्या घराच्या वास्तुशांतीला ‘शेरीफसाहेबांना बोलवा’ असे माझ्या आत्याने सुचवले होते.

एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), सिअॅटल

माझ्या नावाने ज्युरी म्हणून हजर राहण्याचे पत्र आले. आपण नागरिक नाही, तेव्हा चुकून आले असेल, असे समजून मी ते रद्दीत टाकले. दुसरे पत्र आले तेव्हा मैत्रिणीने सांगितले की, ही नावे वाहन परवान्यांच्या यादीतूनही घेतली जातात. ‘नागरिक नाही’ या चौकटीत खूण करून पत्र परत पाठवणे एवढेच आपले काम, पण ते करायलाच हवे. घरी फोनवर सांगितले तर आईला थेट नानावटी खटला आठवला. त्या ज्युरीने १९५९ साली आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेला आरोपी पुढे हायकोर्टात दोषी ठरला, यावर आमचे अर्धा तास बोलणे झाले. खूण केलेले पत्र त्यानंतर टपालात टाकले.

पूर्वीचा व्यवस्थापक, संगणक क्षेत्र

मी समाजमाध्यमावर आमच्या कंपनीच्या धोरणाविरुद्ध चार ओळी लिहिल्या आणि पाचव्या दिवशी नोकरी गेली. पहिली घटनादुरुस्ती पाठ असल्याच्या थाटात वकिलाकडे गेलो. त्यांचा प्रश्न एकच होता, ‘तुमची कंपनी सरकारी आहे का?’ १७९१ सालच्या त्या दुरुस्तीची सुरुवातच ‘काँग्रेस (म्हणजे इथली संसद) असा कायदा करणार नाही’ अशी आहे; खासगी मालकाला ती आवरत नाही. सहकाऱ्यांनी आपसांत पगाराविषयी बोलण्याला १९३५ च्या कामगार कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसते; पण त्यातून पर्यवेक्षक वगळले आहेत आणि मी नेमका व्यवस्थापक. बढतीचे पेढे मीच वाटले होते.

पुणे ते डॅलस

व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख म्हणजे राहण्याची मुदत, हा आमचा समज फार महागात पडला. व्हिसा दाराशी येण्यासाठी असतो. आत किती दिवस राहायचे ते प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या आय-९४ नोंदीवरून ठरते. यजमानांचा पासपोर्ट लवकर संपत होता, म्हणून विमानतळावरील अधिकाऱ्याने पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच प्रवेश नोंदवला. नंतर आम्ही नवा पासपोर्ट काढला, तरी ती नोंद तशीच राहिली आणि संकेतस्थळावर जाऊन कोणी पाहिली नाही. वाहन परवान्याच्या वेळी कळले तेव्हा ४१ दिवस उलटून गेले होते. हे दिवस १८० च्या पुढे गेले असते, तर देश सोडल्यावर तीन वर्षे परत येता आले नसते. वर्षापुढे गेल्यास दहा. ते मुंबईला जाऊन नवा शिक्का घेऊन परत आले. तोवर सात आठवडे मी आणि दोन मुले. आता आमच्याकडे कोणीही अमेरिकेत उतरले की बॅगा उघडण्याआधी मी आय-९४ उघडते.

एका दुसरीतल्या मुलीची आई

शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून ध्वजाची शपथ म्हणतात. आपण पाहुणे, तेव्हा ती म्हणणे सक्तीचे, असे मी धरून चालले होते. लेकीने विचारले, ‘आई, हा माझा देश आहे असं मी रोज म्हणायचं का?’ मी बाईंना अगदी अजिजीने ईमेल लिहून परवानगी मागितली. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले की, याला परवानगी लागत नाही. वेस्ट व्हर्जिनियातील यहोवा साक्षीदार पंथाच्या मुलांच्या खटल्यात १९४३ साली, ऐन युद्धात, सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली होती.

मी ‘बघा, किती वेगळा देश!’ असे कौतुकाने बाबांना सांगितले. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी सांगितले की, केरळमध्ये त्याच पंथाच्या तीन मुलांनी राष्ट्रगीताला उभे राहूनही ते म्हणण्यास मात्र नकार दिला म्हणून शाळेने त्यांना काढले होते, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत घ्यायला लावले. हे मला ठाऊकच नव्हते. लेक आता शपथेच्या वेळी उभी राहते, हात मागे बांधते आणि, तिच्याच सांगण्यानुसार, मनात सतराचा पाढा म्हणते.