‘भारावून गेलो’ नको, मग काय म्हणायचं?

लष्करकर
मंडळी, एक शब्द हवाय. डिसेंबरात आत्याला घेऊन आपल्या ग्वाल्हेरातच हजीऱ्याला, तानसेनाच्या कबरीपाशी, तानसेन समारोहाला गेलो होतो. रात्रीची सभा, थंडी मरणाची. धृपदाचा आलाप चालला होता. पखवाजाला कणीक लावून झालेली, वादक हात बांधून बसलेला. गायक एकेक सूर खाली उतरत मंद्र षड्जावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘सा’वर आला आणि तिथेच थांबला. सूर मोठा नव्हता, पण तानपुऱ्यांचा झंकार कुठे संपतो आणि गळा कुठे सुरू होतो ते कळेना. माझ्या तोंडात गजकचा (तिळाच्या वडीचा) तुकडा होता, तो चावायचा राहिला आणि आपोआप विरघळला. दाद द्यायला हात उचलला होता, तोही अर्ध्यावरच राहिला. आनंद म्हणावा तर छातीत धस्स झालं होतं. भीती म्हणावी तर उठून जावंसं अजिबात वाटत नव्हतं.

घरी आल्यावर ‘भारावून गेलो’ असं सांगितलं आणि माझं मलाच खोटं वाटलं. शाल-श्रीफळ घेतल्यावर माणूस भारावतो. या अवस्थेला मराठीत शब्द आहे की नाही?

जवारी
भारावणं आणि भारणं यांत गल्लत होतेय. भारावणं हे ओझ्याचं काम, उपकाराच्या नाहीतर कौतुकाच्या. भारणं मंत्राचं : भारलेला अंगारा, भारलेला दोरा. ‘त्या सुराने सभा भारली’ हे चालेल. ‘सभा भारावली’ म्हटलं की लगेच आभारप्रदर्शन सुरू होणार असं वाटतं.

पोथीवाला
शास्त्रात शब्द तयारच आहे. रस अद्भुत, त्याच्या मुळाशी असलेला स्थायीभाव विस्मय. भरताने नाट्यशास्त्रात मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला दिले आणि षड्ज-ऋषभ वीर, रौद्र, अद्भुताला. म्हणजे तुमचा तो षड्ज नेमका अद्भुताच्या वाट्याचा. सात्त्विक भावांत, म्हणजे भावनेने अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, पहिला ‘स्तंभ’, अंग जागच्या जागी थिजणं. तुमचा अर्ध्यावर राहिलेला हात तोच. (त्याच यादीतला शेवटचा ‘प्रलय’, म्हणजे शुद्ध हरपणं. तिथपर्यंत गेला नाहीत हे बरं.)

लष्करकर
पोथीवाले काका, स्तंभ पटला. विस्मय मात्र गोड वाटतो हो. जादूगाराने टोपीतून कबुतर काढलं तरी विस्मयच.

पोथीवाला
गोड वाटणारच. ‘स्मित’ आणि ‘विस्मय’ एकाच धातूचे, स्मि म्हणजे हसणे. ओठ विलग होतात ते आधी हसू म्हणून, मग आश्चर्य म्हणून. पण गीतेच्या अकराव्या अध्यायात तोच शब्द पाहा. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन ‘विस्मयाविष्टो हृष्टरोमा’, अंगावर रोमांच उभे. पुढे तो स्वतःच सांगतो की मी हर्षलोय आणि भयाने मन व्याकुळही झालंय. दोन्ही एकदम. तुमचं धस्स होणं आणि उठावंसं न वाटणं हेच की. याच अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर म्हणतात, ‘शांताचिया घरा अद्भुत आला आहे पाहुणेरा’. संथ आलापात अचानक अंगावर येणारा सूर म्हणजे हाच पाहुणा.

गोरखी२
अंगावर काटा आला म्हणा आणि सोडा.

जवारी
काटा भुताच्या गोष्टीनेही येतो, थंड पाण्यानेही. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, एवढंच. त्याने कातडीचं कळतं, आत काय झालं ते नाही. ‘थक्क’ घ्यायचा तर तो तयारीच्या तानांना द्यावा, तिथे दाद ओरडूनच बाहेर पडते. ‘दिपून गेलो’ डोळ्यांचा शब्द, कान कसे दिपणार? ‘सुन्न’ला सुतकाचा वास आहे.

किल्ल्याखालचा
उशिरा आलो. एक शब्द आपण नावांत ठेवला आणि बोलण्यातून घालवला : हैबत. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. थोरपणापुढे वाटणारा धाक, आदर आणि भय एकत्र. बखरींत शत्रूने हैबत खाल्ली असं येतं, त्यामुळे मराठीत त्याची नुसती दहशत उरली. पण सूफींच्या बोलीत ‘हैबत’ आणि ‘उन्स’ ही जोडी आहे. उन्स म्हणजे जवळीक, सलगी. हैबत म्हणजे त्याच्या मोठेपणापुढे जीव दडपणं. आणि तानसेनाची कबर कुणाच्या शेजारी आहे? मुहम्मद गौस या सूफीच्या! शब्द तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

आणखी एक. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी ज्यांनी बसवली ते हैबतबाबा आरफळकर आपल्या ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्याच पदरी होते. आळंदीला महाद्वारातल्या त्यांच्या पायरीला लोक आजही माथा टेकतात. त्या नावात कुणाला दहशत ऐकू येते का?

आपल्या ग्वाल्हेर घराण्यातले ख्यालगायक हस्सू खाँ यांच्या ‘कडक बिजली’ तानेची गोष्ट ऐकली असेल. तान घेता घेता ते कोसळले, असं सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवा, पण सांगणाऱ्याचा आवाज त्या जागी खाली येतो. कौतुकाने आवाज खाली येत नाही, हैबतीने येतो.

गोरखी२
हैबत म्हटलं की मला घोडेच दिसतात. संगीताच्या परीक्षणात ‘षड्जाची हैबत बसली’ लिहिलं तर संपादक फोन करून विचारेल, कोणती लढाई?

किल्ल्याखालचा
‘गायकीचा दरारा’ लिहिता तेव्हा नाही करत तो फोन.

जवारी
‘बसली’ नको. धाक बसतो तो टिकून राहतो, हे क्षणाचं आहे. ‘हैबत वाटली’ फार पुस्तकी. ‘सूर हैबतीचा लागला’ असं म्हणून पाहा. धृपदाला आणि खुल्या गळ्याच्या आपल्या ख्यालाला शोभेल, ठुमरीला कधीच नाही. ठुमरी सगळी उन्स.

लष्करकर
‘हैबतीचा सूर’ मला आवडला. मोठ्याने म्हणून पाहिला, जड पडतो पण पडतो बरोबर जागी. आज सकाळी आत्याला विचारलं, त्या रात्री तुला काय झालं होतं, एका शब्दात सांग. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “शब्दबिब्द मला विचारू नकोस. गुडघे दुखतात म्हणून मी सतरंजीवर पाय पसरून बसले होते ना, ते आत कधी घेतले मला कळलंच नाही.”