वाघोलीचा निळा दगड: कॅव्हनसाइट नक्की कोणत्या गटात घालायचा?

हडपसरची_विज्ञानताई

नमस्कार मंडळी. मी हडपसरला आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पुढच्या महिन्यात शाळेत प्रदर्शन आहे, त्यात मला एक दगड ठेवायचाय आणि त्याच्या चिठ्ठीवर काय लिहायचं इथे मी अडलेय.

दगड वडिलांचा आहे. ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या एका खाणीवर २२ वर्षं कॉम्प्रेसरवर होते, सुरुंगाची भोकं पाडायला. एकदा सुरुंग उडाल्यावर कच्च्या दगडाचा पट्टा उघडा पडला. त्याची खडी नीट पडत नाही म्हणून क्रशरवाले तो माल बाजूला लोटायचे. त्या ढिगात त्यांना हे सापडलं. तेव्हापासून ते डालड्याच्या डब्यात, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळून आमच्या फळीवर आहे. मुठीएवढा राखाडी-तपकिरी तुकडा, त्यावर पांढऱ्या चकचकीत पाकळ्या, आणि पाकळ्यांवर तीन निळे गोंडे. मोठा गोंडा हरभऱ्याएवढा. रंग मोरपिसाच्या डोळ्यातला. भिंगातून पाहिलं की गोंडा दिसत नाही, मधून चहूकडे पसरलेल्या सुयाच सुया दिसतात.

नाव कळलं, कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट (सिलिकॉन-ऑक्सिजनची बांधणी असलेलं खनिज) यांच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं. पण पुढे गोंधळ आहे. एका दुकानदाराला फोटो दाखवला तर तो म्हणाला, झिओलाइट. एका तक्त्यात सूत्र सापडलं: कॅल्शियम १, व्हॅनेडियम १, सिलिकॉन ४, ऑक्सिजन ११, पाणी ४. माझ्या बीएस्सीच्या वहीत ४ सिलिकॉनला ११ ऑक्सिजन म्हणजे दुहेरी साखळी, हॉर्नब्लेंड या खनिजाचा गट, असं लिहिलेलं आहे. तिसरीकडे वाचलं की हा थरांचा सिलिकेट, म्हणजे अभ्रकाच्या भावकीतला. तिन्ही एकदम खरं कसं असेल? मुलं विचारणारच, आणि "असंच असतं" हे उत्तर मला द्यायचं नाही.

अजून एक. असाच दुसरा तुकडा होता. मागच्या वर्षी कडेचा कॅल्साइट काढावा म्हणून मी तो पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवला. कॅल्साइट गेला, आणि त्याच्यावर बसलेला निळा गोंडाही सुटून बशीत पडला, सुया विखुरल्या. वडील काही बोलले नाहीत. उरलेल्या तुकड्याला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

जुना_हातभिंगवाला

ताई, मी पुण्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्राची प्रयोगशाळा ३१ वर्षं सांभाळली. तुमची वही बरोबर आहे. तक्ताही बरोबर आहे. फक्त त्या ११ ऑक्सिजनांतला एक सिलिकॉनचा नाहीच.

मुलांना मी हे शेताच्या बांधावरून शिकवायचो. प्रत्येक सिलिकॉन हा एक शेतकरी, त्याच्याभोवती ४ ऑक्सिजन, म्हणजे ४ बांध. बांध शेजाऱ्याशी सामाईक असला की निम्मा याचा, निम्मा त्याचा. आता मोजा. एकही बांध सामाईक नसेल तर चारही त्याचेच: १ ला ४. ऑलिव्हिन असा. दोन सामाईक असतील तर दोन निम्मे म्हणजे १, अधिक मोकळे २, झाले ३. ही साधी साखळी, पायरॉक्सीनची. तीन सामाईक असतील तर दीड अधिक १, म्हणजे अडीच. चार शेतकऱ्यांमागे १०. हा थर, अभ्रकाचा. चारही सामाईक असले की २ उरतात, आणि चहूबाजूंनी बांधलेला सांगाडा होतो. आपली गारगोटी ती हीच. दुहेरी साखळीत निम्म्यांचे दोन बांध सामाईक, निम्म्यांचे तीन. म्हणजे निम्म्यांच्या वाट्याला ३ ऑक्सिजन, निम्म्यांच्या अडीच. सरासरी पावणेतीन, म्हणून ४ ला ११. तुमच्या वहीतला आकडा असा येतो.

आता कॅव्हनसाइटचं सूत्र न गोळा करता मांडा: कॅल्शियम १, मग कंसात व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन अशी जोडी, मग सिलिकॉन ४ ऑक्सिजन १०, मग पाणी ४. कंसातला तो ऑक्सिजन व्हॅनेडियमचा खासगी. कुठल्याही सिलिकॉनला तो शिवत नाही. तक्तेवाले जागा वाचवायला १० आणि १ एकत्र करतात आणि वाचणारा थेट हॉर्नब्लेंडच्या दारात जाऊन उभा राहतो. मोजायचे ४ ला १०. म्हणजे थर. चिठ्ठीवर "थर-सिलिकेट" लिहा, निर्धास्त.

त्या व्हॅनेडियमचं स्थान मला फार सुंदर वाटतं, म्हणून सांगतो. थरातल्या प्रत्येक सिलिकॉनचा एक बांध मोकळा राहतो. काहींचा वर तोंड करून, काहींचा खाली. चार सिलिकॉनांमागे असे ४ मोकळे ऑक्सिजन. व्हॅनेडियमच्या भोवती ५ ऑक्सिजन असतात, चौकोनी पायाच्या पिरॅमिडसारखे. पायाचे ४ त्याला वरच्या-खालच्या थरांकडून मिळतात, शेंड्यावरचा १ स्वतःचा. हिशेब चोख बसतो, एकही शिल्लक नाही. व्हॅनेडियम आणि कॅल्शियम मिळून थर एकमेकांना शिवून टाकतात, आणि पाणी मधल्या पोकळ्यांत राहतं. म्हणूनच थरांचा असूनही हा अभ्रकासारखा नखाने सुटत नाही. आणि जो निळा तुम्ही मोरपिसाचा म्हणालात तो याच व्हॅनेडियमचा, चार धन भार असलेल्या. बाहेरून चिकटलेली अशुद्धी नव्हे, सूत्रातला हक्काचा भागीदार. पुण्याच्या हिरव्या अपोफिलाइटमध्येही (हे असंच दुसरं खनिज) रंग व्हॅनेडियमचाच आहे, पण तिथे ते चिमूटभर शिरलेलं असतं. अपोफिलाइटचं मूळ सूत्र त्याच्याशिवाय पुरं होतं. रंग बघून दगड ओळखू नये असं आम्ही पहिल्याच तासाला सांगायचो. कॅव्हनसाइट हा त्यातला अपवाद.

दुकानदाराच्या "झिओलाइट"बद्दल. झिओलाइट सांगाड्याचे, आणि त्यात काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं. मोजताना दोघांची बेरीज करायची. तुमच्या दगडावरच्या पांढऱ्या पाकळ्या बहुधा स्टिल्बाइटच्या. त्याच्या सूत्रात सिलिकॉन २७, ॲल्युमिनियम ९, ऑक्सिजन ७२. ३६ ला ७२, म्हणजे १ ला २. तो खरा झिओलाइट. कॅव्हनसाइटमध्ये ॲल्युमिनियमही नाही आणि सांगाडाही नाही. दोघं कातळातल्या एकाच पोकळीत शेजारी बसतात, दोघांतही पाणी असतं, तापवलं की दोघांचंही पाणी सुटतं. व्यापारी पोकळीतल्या सगळ्यांनाच झिओलाइट म्हणतात. अपोफिलाइटलाही म्हणतात आणि तिथे तर सिलिकॉन ८, ऑक्सिजन २०. तुम्हीच मोजून बघा.

साफसफाईचं: ॲसिड पुन्हा कधीच नको. ते कॅल्साइट खातं आणि स्टिल्बाइटही खराब करतं, म्हणजे गोंडा ज्याच्यावर बसलाय ती बैठकच जाते. ब्रशही नको. याचा कठीणपणा मोहच्या मापावर ३ ते ४, त्यात सुया केसासारख्या. कॅमेऱ्याची धूळ उडवायची रबरी फुंकणी मिळते, तिने लांबून फुंकर मारा. पुरे.

खाणकाठ

वाचून बरं वाटलं. माझं बालपण वाघोलीकडच्या नगर रोडवरच गेलं. घरात दोघं दगडांच्या धंद्यात होते, त्यामुळे पोती उपसतच वाढलो. ताईंच्या वडिलांनी सांगितलेला "कच्चा पट्टा" अगदी खरा. सगळ्या खाणीत निळा मिळत नाही. काळ्या कातळाचे तुकडे पुन्हा एकमेकांत चिकटून जो मोडका-तोडका, भेगाळ दगड झालेला असतो, त्याच्या फटींत आणि पोकळ्यांत तो बसतो. घट्ट काळ्या दगडात शोधून उपयोग नाही.

दुकानातून घेणाऱ्यांसाठी एक सांगतो, कारण यात मी स्वतः फसलोय. एकदा बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून स्टिल्बाइटवरचा सुरेख गोंडा घेतला. घरी येऊन भिंगाखाली धरला तर गोंड्याच्या बुडाशी पिवळसर, गुळगुळीत कड. डिंक. सुटा पडलेला गोंडा उचलून चिकटवलेला. गोंडा खरा, पाकळ्या खऱ्या, पण त्या दोघांची जन्मात भेट झालेली नव्हती. खऱ्या नमुन्यात सुयांची मुळं पांढऱ्या पाकळ्यांत शिरलेली दिसतात, कधी पाकळी सुयांच्या अंगावरून चढलेली असते. ताई, तुमच्या दगडाला ही शंका घ्यायचं कारणच नाही. तो ढिगातून थेट डब्यात गेलाय. त्याची खरी किंमत तीच आहे. चिठ्ठीवर वडील, खाण आणि शक्य असेल तर साल, हे लिहाच.

कोलंबियाकाठची

मी पोर्टलंडला असते, म्हणजे हा दगड पहिल्यांदा जिथे सापडला त्या ओरेगॉन राज्यात. १९६७ साली आग्नेय कोपऱ्यातल्या ओवायही धरणाजवळ तो मिळाला. (ओवायही हे हवाईचंच जुनं लिखाण. तिकडून आलेल्या, सापळे लावून शिकार करणाऱ्यांवरून त्या नदीला नाव पडलं.) दुसरी जागा गोबल, कोलंबिया नदीवर, माझ्या घरापासून तासाभरावर. १९७३ मध्ये स्टेपल्स, एव्हन्स आणि लिंडसे यांनी त्याचं वर्णन छापलं. मला वाटायचं, मूळ गाव हे, म्हणजे मोठे नमुने इथेच असणार. इथल्या दगडांच्या जत्रेत पहिल्यांदा गेले तर ओरेगॉनचे स्फटिक मिलिमीटरांत मोजायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेले. शेजारच्या टेबलावर मात्र सुपारीएवढा निळा गोंडा होता, खाली लिहिलेलं "वाघोली, पुणे". माझं माहेर खराडीचं. टेबलामागच्या आजोबांना मी सांगितलं की वाघोली आमच्या शेजारचं गाव, तर त्यांनी मला खुर्ची देऊन बसवून घेतलं.

काका, एक शंका. त्याच आजोबांकडे "पेंटॅगोनाइट" नावाचा निळा दगड होता, सूत्र हेच म्हणाले. मग दोन नावं कशाला?

जुना_हातभिंगवाला

चांगला प्रश्न. घटक तेच, प्रमाण तेच, बांधणी वेगळी. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि हिरा यांचं नातं आहे ना, तसं. कॅव्हनसाइटच्या थरात सिलिकॉनची कडी ४-४ आणि ८-८ जणांची असतात. पेंटॅगोनाइटमध्ये ६-६ जणांची. दोन्ही थर-सिलिकेटच, दोन्हीत ४ ला १०. पण बांधणी निराळी म्हणजे खनिज निराळं, हा नियम आहे. नुसत्या रासायनिक तपासणीने हे दोघं वेगळे सांगताच येणार नाहीत. क्ष-किरण लागतात, किंवा नशीब असेल तर डोळे. पेंटॅगोनाइटचे स्फटिक जोडीने-जोडीने चिकटून वाढतात आणि आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते. नाव त्यावरूनच पडलं. तोही पहिला ओरेगॉनचा आणि तोही नंतर वाघोलीत मिळाला, कॅव्हनसाइटहून बराच विरळ. सुट्या, लांब, धारदार कांड्या दिसल्या तर त्याचा संशय घ्यायचा. गच्च गोंडा असला तर कॅव्हनसाइट. ताईंचा गोंड्याचा आहे.

हडपसरची_विज्ञानताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नववीच्या वर्गात बांधांचं गणित फळ्यावर केलं. वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरातली, त्यांना सामाईक बांध समजावून सांगावा लागला नाही. एकाने विचारलं, "मॅडम, मग अकरावा बांध कुणाचा?" मी गप्प राहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "कंसातल्याचा." स्टिल्बाइटचे ३६ ला ७२ त्यांनी स्वतः काढले, अपोफिलाइटचेही.

भिंगाखाली पुन्हा पाहिलं. सुयांची मुळं पाकळ्यांत खोल गेलेली आहेत, आणि एका गोंड्याच्या बाजूवर छोटी पांढरी पाकळी चढलेली आहे. म्हणजे निळा आल्यानंतरही पांढऱ्याचं वाढणं थांबलं नव्हतं. वडिलांना भिंग दिलं. तो तुकडा ते इतकी वर्षं सांभाळतायत पण सुया त्यांनी पहिल्यांदा पाहिल्या. पाच मिनिटं भिंग खाली ठेवलं नाही.

चिठ्ठी अशी केलीय:

"कॅव्हनसाइट. थर-सिलिकेट (सिलिकॉन ४ : ऑक्सिजन १०). निळा रंग व्हॅनेडियमचा. कठीणपणा ३ ते ४. सोबतचे पांढरे स्फटिक स्टिल्बाइट, झिओलाइट गट. वाघोली, जि. पुणे. दख्खनचा काळा कातळ, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं."

साल विचारलं तर वडील आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, तुझी दहावी झाली त्या पावसाळ्याच्या आधी. म्हणजे १९९६. तेही लिहिलं. शेवटी वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "वाघोली खाली कशाला? वर घे." आता नावाच्या खालची पहिली ओळ वाघोलीची आहे.