मदत हवी आहे: पहिल्या कोर्सनंतर आईच्या प्लेटलेट अजून उतरल्या, इंजेक्शनं बंद करायची का?

गोदाकाठ: लवकर सांगा, सोमवारी दुसरा कोर्स आहे. आईला एमडीएस (मूळपेशी बिघडून रक्त नीट तयार न होण्याचा आजार) आहे, अ‍ॅझासायटिडीन सुरू केलं. आधी प्लेटलेट 62 हजार होत्या, आज 18 हजार. मग औषध घेतोय कशासाठी? डॉक्टर "होतं असं" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. मामा म्हणतो, इंजेक्शनं सोडा, सरळ स्टेम सेल म्हणजे मूळपेशीच बदलून टाका.

सातपूरकर: वय? बोन मॅरोत ब्लास्ट (कच्च्या पेशी) किती टक्के? ताप, रक्तस्राव? अ‍ॅस्पिरिन वगैरे चालू आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

द्राक्षबाग: पपईच्या पानांचा रस द्या. पुतण्याच्या डेंग्यूत 20 हजारांच्या चार दिवसांत 90 हजार झाल्या. पिंपळगावहून कोवळी पानं पाठवतो.

सातपूरकर: दादा, डेंग्यू ओसरला की प्लेटलेट आपसूक चढतात. इथे त्या तयार करणाऱ्या मूळपेशीच बिघडल्यात.

द्राक्षबाग: डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. रस दिल्यानं काही बिघडत नाही.

सातपूरकर: केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता काहीही देऊ नका, कृपा करून.

इंदिरानगरची लेक: माझ्या बाबांचे 11 कोर्स झाले. एका कोर्सात पाच दिवस इंजेक्शन, मग शनिवार-रविवार डे-केअर बंद, परत दोन दिवस. औषध दुधासारखं गढूळ असायचं, सिस्टर सिरिंज दोन्ही तळव्यांत घोळवून पोटात टोचायच्या. लाल चट्टे आठवडाभर जायचे नाहीत. बाबांच्याही प्लेटलेट पहिल्या दोन कोर्सनंतर 20 हजारांखाली गेल्या होत्या, आणि मीही तुमच्यासारखीच भांडले होते. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. वय वाढतं तसे मूळपेशींच्या डीएनएवर मिथाइल या रसायनाचे शिक्के चुकीच्या जागी बसत जातात आणि गरजेची जनुकं बंद पडतात. हे औषध डीएनएत शिरून शिक्के मारणारं एन्झाइमच तिथे अडकवून ठेवतं. पण आधीचे शिक्के लगेच पुसत नाहीत, पेशी दुभंगत जाईल तसे विरळ होतात. म्हणून चार ते सहा कोर्स झाल्याशिवाय निकाल काढायचा नसतो. बाबांना पाचव्यानंतर रक्त कमी वेळा चढवावं लागलं.

नवीनाशिक: तुम्ही जुनंच धरून बसलात. जपानच्या यामानाकांनी 2006 साली उंदराच्या साध्या पेशी चार जनुकांनी परत मूळपेशी करून दाखवल्या, 2012 ला नोबेल मिळालं. आईच्याच पेशी तरुण करून घाला की!

सातपूरकर: त्या चारांतलं सी-मिक हे कॅन्सरशी जोडलेलं जनुक आहे. प्रयोगशाळेतलं यश आणि पेशंटला मिळणारा उपचार यांत फार अंतर असतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारातला ट्रान्सप्लांट. मामांचं म्हणणं त्यात बसतं, पण सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळायची शक्यता चारात एक. आधी मामांची तपासणी करा.

आजी_पंचवटी: सुनेला आठवा महिना आहे. नाळेतलं रक्त बँकेत ठेवावं का?

इंदिरानगरची लेक: आजी, वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

देवळालीगाव: टाटाला जायचं तर सकाळी नाशिकरोडला पंचवटी पकडा, दादरला उतरा. तिथून परळ जवळ आहे.

गोदाकाठ: मुंबईचं कुणी विचारलंय? वय 67, ब्लास्ट 12 टक्के. बीपीच्या गोळीबरोबर अ‍ॅस्पिरिन चालू आहे, ते दवाखान्यात कुणी विचारलंच नव्हतं. ताप नाही. नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आलेत परवापासून. डास चावले असतील म्हणून ओडोमॉस लावतोय.

सातपूरकर: ते ठिपके बोटानं दाबा. फिके पडतात का?

गोदाकाठ: नाही पडत.

सातपूरकर: मग ते डास नाहीत, कातडीखालचं रक्त आहे. सोमवारची वाट पाहू नका. आत्ता डॉक्टरांना फोन करा, प्लेटलेट 18 हजार, ठिपके आणि अ‍ॅस्पिरिन हे तिन्ही सांगा आणि कॅज्युअल्टीला न्या. दात ब्रशनं घासू देऊ नका. कोर्सचं नंतर ठरेल.

इंदिरानगरची लेक: एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट) लागेल बहुतेक. रक्तगट कोणता? माझा भाऊ बाबांसाठी द्यायचा, त्याला तयार ठेवते.

द्राक्षबाग: मी ओ पॉझिटिव्ह. तासाभरात पोचतो.

गोदाकाठ: ओ पॉझिटिव्हच आहे. डॉक्टरांनी लगेच बोलावलंय, अ‍ॅस्पिरिन थांबवलंय. रिक्षा दाराशी आली. द्राक्षबाग, व्यनि बघा.