परदेशातला महिला दिन : तुम्हाला काय आठवतं?

बर्डीची मावशी
काल नेताजी मार्केटात फुलं घ्यायला गेले, पिवळ्या शेवंतीच्या ढिगापाशी उभी राहिले आणि आई आठवली. २००३ चा मार्च, मॉस्को. यांची तिकडे नोकरी होती. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणून आईला नागपूरच्या महाल भागातल्या घरातून हट्टानं नेलं होतं. तिकडे ८ मार्चला सुट्टी, १९६६ पासूनच. बाहेर बर्फ आणि ज्याच्या त्याच्या हातात ट्यूलिप नाहीतर मिमोझाची पिवळी डहाळी.
आमच्या इमारतीतल्या बायका एका घरी जमल्या होत्या. शेजारचे आजोबा एकेकीला डहाळी देत होते. आई हळूच स्वयंपाकघराकडे सरकली. सवयच होती ती. बाबा गेल्यापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आतच वड्या थापत बसायची. आजोबा तिच्यामागे आत गेले, डहाळी हातात दिली, म्हणाले, "स वासमीम मार्ता", म्हणजे आठ मार्चच्या शुभेच्छा. आईला शब्द कळले नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घेऊ का गं?"
कुणी बाहेर असा दिवस पाहिला असेल तर लिहा.

तर्रीपोहे
ऑफिसात वाचलं. रडून रायली मी. बाकी रात्री लिहिते.

मानकापूरची डॉक्टर
रशियातच, कझानला एमबीबीएसला होते. वॉर्डनबाईंसाठी चार ट्यूलिप निवडले तर दुकानातल्या काकूंनी मान हलवली आणि पाचवं आपल्या पदरचं घातलं. जोडसंख्येत फुलं तिकडे मयताला नेतात. मी म्हटलं अरे, आपणही अहेराला वर एक रुपया ठेवतोच की! त्या दिवशी पहिल्यांदा तिथे घरच्यासारखं वाटलं. त्या काकू बहुतेक आता नसतील.

संत्रानगरी
मिमोझा म्हणजे आपल्या बाभळीच्याच गोतातली, तसेच पिवळे गोंडे. इटलीत शिकत होते तेव्हा कॉलेजच्या दारात एका मुलानं दिली, मला वाटलं प्रपोज करतोय 😀 सगळ्यांनाच देत होता. तिथे १९४६ पासून ही प्रथा आहे. युद्ध नुकतंच संपलेलं, कुणाकडे पैसे नव्हते. तिथल्या डाव्या चळवळीतल्या तेरेसा मात्तेई वगैरे बायकांनी हेच फूल ठरवलं, कारण ते मार्चमध्ये कुठेही फुलतं आणि गरिबालाही परवडतं. मला हे फार आवडतं.

धरमपेठ ते लंडन
आमच्या मंडळात ८ मार्चला एकेक पदार्थ न्यायचा असतो. मी सांबारवडी नेली. पुण्याची मैत्रीण विचारते, सांबार वेगळं वाढू का? तिला वाटलं इडलीचं. अर्धा तास समजावलं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. वड्या मात्र पाच मिनिटांत संपल्या.

तर्रीपोहे
सांबारवडी! तोंडाला पाणी. आतून चिंचेचं बोट फिरवता का?

धरमपेठ ते लंडन
हो तर. खसखस, खोबरं पण हवंच.

कामठी रोड
विषय सोडू नका गं. आम्ही प्रिटोरियाला होतो, तिथे ९ ऑगस्ट. १९५६ ला वीस हजार बायका काळ्या लोकांवरच्या पास बाळगायच्या सक्तीविरुद्ध सरकारी इमारतीवर चालून गेल्या आणि अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. आमच्या कामवाल्या ताईंची आई त्यात होती. ताई सांगताना ताठ उभ्या राहायच्या.
मला माझी आजी आठवायची. २० जुलै १९४२, आपल्याच नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, बाबासाहेब बोलले. आजी लहान मामाला काखेत घेऊन गेली होती. मी ताईंना हे सांगितलं, त्यांनी माझा हात धरला. दोघींनी चहा घेतला. भाषणबिषण काही नाही.

मानकापूरची डॉक्टर
आजीचं अजून लिहा ना, वेगळा धागाच काढा.

कामठी रोड
काढते. आता कुकरची शिट्टी झाली.

तर्रीपोहे
मावशी, आईंनी ती डहाळी घेतली ना?

बर्डीची मावशी
घेतली. पेल्यात ठेवली होती, गोंडे गळून टेबल पिवळं झालं तरी फेकू देईना. परत आल्यावर पुढच्या संक्रांतीला तिनं स्वतः बोलावणं केलं, गल्लीतल्या सगळ्या विधवांना सुद्धा. कुंकवाची कोयरी टेबलावर ठेवली, ज्यांना लावायचं त्यांनी आपल्या हातानं लावावं म्हणून. सात जणी आल्या. दोघी नाही आल्या, त्यांच्या घरी आई वाण घेऊन गेली. स्टीलच्या वाट्या होत्या, माझ्याकडे अजून एक आहे.

तर्रीपोहे
मीही आईला बोलावते यंदा.

धरमपेठ ते लंडन
वाण काय ठरवलं? आणि सांबारवडीच्या बेसनाचं प्रमाण सांगायचं राहिलं, एक जुडीला दोन वाट्या.