टॉप-डाउन बेसमेंट: पहिला स्लॅब थेट मुरुमावर?

कोथरूडकर: तीन बेसमेंट वरून खाली करायचेत. डायाफ्राम वॉल (खोदण्याआधी जमिनीत भरलेली काँक्रीटची भिंत), प्लंज कॉलम (आधीच जमिनीत उतरवलेले खांब) झाले. स्लॅब थेट मुरुमावर टाकला तर?

मुरूमवाला: नको. मुरूम दाबून ५०-७५ मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) करा, वर प्लास्टिकचा कागद. नाहीतर खाली खोदताना पीसीसीचे पोपडे स्लॅबला चिकटून राहतात आणि कधीतरी डोक्यावर येतात. राडारोडा काढायला, पोकलेन उतरवायला स्लॅबमध्ये मोकळा गाळा आधीच सोडा.

सळई: वॉलमधले कपलर (स्लॅबच्या सळया जोडायचे तुकडे) थर्माकोलने झाकलेत ना? लेव्हल चुकली तर ड्रिल करून केमिकल अँकरिंग (भोकात केमिकलने सळई चिकटवणं), पण डिझायनरला विचारूनच. स्लॅबखाली नंतर भरलेल्या भिंतीचा वरचा सांधा हमखास फटतो. तिथे नॉन-श्रिंक ग्राउट (न आकसणारा पातळ मसाला).

मुरूमवाला: काळा कातळ लागला की ब्लास्टिंग विसरा. ब्रेकरच, आणि बकेटचा धक्का कॉलमला नको!