साथीच्या गणितातले शब्द : 'बरे झालेले' आणि 'सामूहिक प्रतिकारशक्ती'

प्रश्न : साथरोगांच्या गणिती प्रतिमानांवर मराठीत लिहितो आहे. लोकसंख्येचे तीन गट पाडतात : बाधा होऊ शकणारे, बाधित आणि तिसरा गट. या तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी 'बरे झालेले' म्हटलेलं दिसतं. तेच ठेवू का? आणि हर्ड इम्युनिटीला, म्हणजे बरेच जण सुरक्षित झाले की बाकीच्यांचाही बचाव होतो त्याला, 'सामूहिक प्रतिकारशक्ती' चालेल?

प्रतिसाद : 'बरे झालेले' नको. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ साली हे प्रतिमान मांडलं, तेव्हा ताडून पाहायला आकडे घेतले मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगचे. त्या साथीत नोंदलेल्या रुग्णांपैकी किमान ८० ते ९० टक्के दगावत होते. त्यांना बरे झालेले कसं म्हणायचं? समीकरणाला एवढंच कळतं की हा माणूस आता कोणाला रोग देणार नाही आणि त्याला स्वतःलाही तो होणार नाही. मी 'संसर्गसाखळीबाहेरचे' लिहितो. शब्द लांबलचक आहे खरा, पण त्यात मेलेलेही येतात आणि लस लागू पडलेलेही.

जाता जाता : मॉडेलला 'प्रतिमान' लिहिताय ते उत्तम. 'नमुना' म्हटलं की घशातला स्राव तपासायला पाठवलाय असंच वाटतं.

दुसरा प्रतिसाद : 'सामूहिक प्रतिकारशक्ती' रूढ आहे, तरी मला तो शब्द खटकतो. प्रतिकारशक्ती एकेका शरीरात असते, समूहात नसते. गोवराची लस घेण्याइतकं मोठं न झालेलं तान्हं बाळ घ्या. त्याच्यात ती शक्ती पुरेशी नसतेच. भोवतालच्यांना गोवर होत नाही म्हणून ते वाचतं. 'सामूहिक संरक्षण' म्हणा. धनुर्वातावर हा शब्द तपासून बघा : त्याचे जंतू मातीतून जखमेत शिरतात, माणसाकडून माणसाला जात नाहीत. अख्ख्या गावाने लस घेतली तरी न घेतलेल्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. तिथे शक्ती प्रत्येकात असते, संरक्षण मात्र सामूहिक नसतं.

प्रश्नकर्ता : पटलं. मग 'गोवरासाठी ९३ टक्के लसीकरण हवं' हे वाक्य बरोबर आहे ना?

दुसरा प्रतिसाद : नाही, आणि इथली चूक महागात पडते. कोणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना रोग देतो. १५ धरू. त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित असले तर तो सरासरी एकालाच देईल. त्याहून जास्त सुरक्षित असले की साथ ओसरते. चौदा पंधरांश म्हणजे ९३ टक्के. पण हे प्रमाण सुरक्षित झालेल्यांचं, लस टोचलेल्यांचं नव्हे. नवव्या महिन्यात दिलेला एक डोस शंभरातल्या सुमारे ८५ मुलांनाच लागू पडतो. म्हणजे एकही मूल न सुटता सगळ्यांना एकेक डोस दिला तरी ९३ गाठता येत नाही. दुसरा डोस लागतोच. दोन डोस सुमारे ९७ टक्के मुलांना लागू पडतात, तेव्हा दोन्ही डोस ९६ टक्क्यांपर्यंत पोचायला हवेत. त्यातही सगळे एकमेकांत सारखेच मिसळतात असं गृहीत धरलंय. लस न घेतलेली कुटुंबं एकाच वस्तीत असतील तर राज्याची सरासरी कितीही छान दिसो, त्या वस्तीत गोवर पसरतो.

'लसीकरण' हा शब्द टोचण्याच्या क्रियेसाठीच ठेवा आणि वाक्य असं करा : 'गोवराची साथ रोखायला साधारण ९३ टक्के लोक रोगापासून सुरक्षित असावे लागतात.'